चाळीस मिलिमीटर पडला, वाहिला किती?

पाचशे हेक्टरचं एक पाणलोट धरा. माती जरा भारी, निम्म्यावर पीक, थोडं चराऊ रान आणि वरच्या अंगाला झाडी. त्यावर ४० मिलिमीटर पाऊस पडला. नाल्याला किती पाणी येईल? आधीचे पाच दिवस कोरडे गेले असतील तर हिशेब सव्वा मिलिमीटर सांगतो. अधूनमधून सरी येऊन गेल्या असतील तर सुमारे १० मिलिमीटर. आणि रान आधीच चिंब असेल तर जवळपास २२. पाऊस तोच, जमीन तीच, पण नाल्यातल्या पाण्यात सोळा-सतरा पटींचा फरक.

म्हणून ‘पावसाच्या किती टक्के पाणी वाहून जातं?’ असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, ‘कुठल्या पावसाच्या?’ टक्केवारी ही जमिनीला कायमची चिकटलेली गोष्ट नाही. ती प्रत्येक पावसागणिक नव्याने ठरते, आणि बरीचशी तर पाऊस सुरू व्हायच्या आधीच ठरून गेलेली असते.

वाहून जाणाऱ्या या पाण्याला पुस्तकात अपधाव म्हणतात, कामावर सगळे रनऑफच म्हणतात. तो मिलिमीटरमध्ये का मोजायचा? नाल्यातून गेलेलं सगळं पाणी उचलून पाणलोटभर सारखं पसरलं तर जेवढी जाडी होईल, तेवढे मिलिमीटर. पाऊसही मिलिमीटरमध्येच असल्याने वजाबाकी सोपी होते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, एका हेक्टरवर १० घनमीटर. आपल्या पाचशे हेक्टरवर प्रत्येक मिलिमीटर म्हणजे ५,००० घनमीटर, अर्थात ५० लाख लिटर. तेव्हा वरच्या उदाहरणातला सव्वा आणि बावीस हा फरक कागदावर किरकोळ दिसला, तरी बंधाऱ्याच्या सांडव्याला तो किरकोळ नसतो.

माती चमकते तो क्षण

पाऊस पडत असताना नांगरलेल्या रानात पाच-दहा मिनिटं उकिडवं बसून नुसतं ढेकळांकडे बघत राहावं. सुरुवातीचे थेंब माती गपकन पिऊन टाकते, नुसता काळपट डाग उरतो. मग डाग एकमेकांत मिसळतात, सगळी माती गडद होते, पण अजून मळकटच दिसते. आणि मग एका क्षणी ती चमकायला लागते. ही चमक म्हणजे वर साचलेला पाण्याचा पातळ पापुद्रा. त्या क्षणी पावसाचा वेग मातीच्या पिण्याच्या वेगापुढे गेलेला असतो. पुढे ढेकळांमधल्या खळग्यांत पाणी साचतं, एक खळगा भरून दुसऱ्यात सांडतो, दुसरा तिसऱ्यात, आणि गढूळ पाण्याचा एक धागा उताराला लागतो. अपधाव सुरू झाला.

माती पाणी ज्या वेगाने पिते त्याला अंतःसरणाचा वेग म्हणतात, तासाला अमुक मिलिमीटर असा. तो स्थिर नसतो. कोरडी माती टीपकागदासारखी पाणी ओढून घेते, त्यामुळे सुरुवातीला वेग जास्त. ओल खाली उतरत जाते तशी ही ओढ कमी पडते. त्यातच उघड्या जमिनीवर थेंबांच्या माराने मातीचे कण फुटतात, बारीक कण छिद्रांत बसतात आणि वर साय धरावी तसा थर धरतो. वेग उतरत उतरत एका ठरावीक आकड्यावर टेकतो. अमेरिकी जलशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्टन यांनी १९३०च्या दशकात ही उतरण समीकरणात बसवली. आकड्यांत सांगायचं तर, एखादी माती सुरुवातीला तासाला ६० मिलिमीटर पिते आणि शेवटी ८ वर टेकते असं धरू. घसरणीचा गुणांक (वेग किती झपाट्याने उतरतो तो आकडा) दर तासाला २ असेल तर अर्ध्या तासाने तिचा वेग २७ असतो, एका तासाने १५, दोन तासांनी ९. पहिला तास संपायच्या आतच तीन-चतुर्थांश तहान भागलेली असते.

ग्रीन आणि ॲम्प्ट या दोघांनी १९११ मध्येच याच प्रकाराकडे वेगळ्या बाजूने पाहिलं होतं. त्यांचं चित्र मला जास्त आवडतं, कारण ते फावड्याने तपासता येतं. पाऊस थांबल्यावर खड्डा घ्या. वर गडद ओली माती, खाली फिकी कोरडी माती, आणि मधली रेघ बऱ्याचदा आखल्यासारखी स्पष्ट. ही ओलीची आघाडी. पाणी जिरणं म्हणजे ही रेघ खाली सरकणं. खालची माती जितकी कोरडी तितकी तिची ओढ जास्त. आणि मातीत रिकामी जागा जितकी जास्त, तितकं एकेक सेंटिमीटर सरकायला पाणी जास्त लागतं. आधीच्या पावसाची ओल खाली असेल तर रिकामी जागा कमी, ओढही कमी, आणि माती लवकर चमकते.

हे मोजायचं साधन म्हणजे एकात एक बसवलेली दोन लोखंडी कडी, साधारणपणे आतलं ३० आणि बाहेरचं ६० सेंटिमीटर व्यासाचं. दोन्हीत पाणी भरायचं, पण मोजायची फक्त आतली घट. बाहेरचं पाणी केवळ पहारेकरी: आतलं पाणी बाजूला न पसरता सरळ खाली जावं म्हणून. हा प्रयोग केलेल्या प्रत्येकाला एक धक्का बसतो. दहा पावलं सरकून पुन्हा कडी ठोकली तर भलताच आकडा येतो. एखाद्या मुळाची पोकळी, गांडुळाचं बीळ किंवा ट्रॅक्टरच्या चाकाखाली दबलेली पट्टी, एवढ्यानेही फरक पडतो. काळ्या मातीची तऱ्हा आणखी निराळी. कोरडी असताना तिला भेगा पडतात आणि पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खाली गडप होतो. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि तीच जमीन जवळजवळ पाणी घेईनाशी होते.

पाऊस ओतणाऱ्या तासाचा हिशेब

पावसाचे तासागणिक आकडे हाताशी असतील आणि नाल्यातलं पाणी मोजलेलं असेल, तर जमिनीने सरासरी किती वेगाने पाणी गिळलं ते उलट काढता येतं. समजा पाच तासांत अनुक्रमे ५, २२, १८, ८ आणि २ मिलिमीटर, म्हणजे एकूण ५५ पडला आणि नाल्यातून २२ वाहून गेला. तेहतीस मिलिमीटर मुरला. तेहतीसला पाचाने भागून तासाला ६.६ म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं, पण तसं चालत नाही. पहिल्या तासात पाचच पडला, त्यातून ६.६ कसा मुरेल? पहिला आणि शेवटचा तास वगळला तर उरलेल्या तीन तासांत ४८ पडला, २२ वाहिला, २६ मुरला: तासाला ८.७. पण आता आठ मिलिमीटरचा तासही कमी पडला. तोही वगळा. दोन तासांत ४० पडला, १८ मुरला, म्हणजे तासाला ९. ताळा करून पाहा: २२ मधून ९ गेले १३, १८ मधून ९ गेले ९, बेरीज २२. जुळलं.

याला फाय निर्देशांक म्हणतात. पद्धत तशी ढोबळ आहे, पण तिने एक गोष्ट उघडी पडते: पाच तासांच्या पावसातला अपधाव सगळाच्या सगळा दोन तासांनी दिला. दिवसभर रिपरिप करून पडलेला चाळीस आणि तासाभरात ओतलेला चाळीस पर्जन्यमापकात सारखेच दिसतात. तासाला दहा मिलिमीटर पिणाऱ्या जमिनीवर मात्र पहिल्यातून पाण्याचा थेंबही वाहत नाही आणि दुसऱ्यातून तीस मिलिमीटर वाहून जातो.

इथे एक दुरुस्ती. पाणी नेहमी असं ‘वरून ओसंडून’च वाहतं असं नाही. दाट झाडीत, पालापाचोळ्याखालची भुसभुशीत माती सहसा कुठल्याही पावसाला पुरून उरते. तिथे पाणी मुरतं, उताराच्या आतून पायथ्याकडे सरकतं आणि नाल्याकाठच्या सखल पट्ट्यात जमीन खालून भरत येते. भरलेल्या भांड्यावर रिपरिप पडली तरी ती वाहणारच. हा पट्टा पावसाळ्यात पसरतो आणि उघडीप मिळाली की आक्रसतो. टॉमस डन आणि रिचर्ड ब्लॅक यांनी अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या उतारांवर मोजमापं करून १९७० मध्ये हे नीट दाखवून दिलं. हॉर्टन यांचं चित्र चुकीचं ठरलं नाही. उघड्या, घट्ट, पिकांच्या जमिनीला ते लागू पडतं. पण सगळ्या पाणलोटाला एकाच चित्रात कोंबू नये.

कर्व्ह नंबर: एका आकड्यात सगळं रान

बहुतेक पाणलोटांत कडी ठोकलेली नसतात, नाल्यावर मापनही नसतं. तरी बंधारा बांधायचा असतो, रस्त्याखाली मोरी टाकायची असते. अशा वेळी जगभर जी पद्धत हाताशी येते ती अमेरिकेच्या मृदसंधारण सेवेने १९५०च्या दशकात बसवलेली कर्व्ह नंबर पद्धत. शून्य ते शंभरातला एक आकडा. शंभर म्हणजे पडेल तेवढं सगळं वाहून जाणार. आकडा जितका खाली, तितकी जमीन पाणी पोटात ठेवणारी.

आकडा तक्त्यातून काढतात. माती चारपैकी एका गटात टाकायची: ए गटात खोल वाळूसर, सहज पिणारी माती, डी गटात चिकण किंवा कमी खोलीची, तासाला सव्वा मिलिमीटरहूनही कमी वेगाने पिणारी. बी आणि सी मधल्या. मग जमिनीवर काय आहे ते पाहायचं. सी गटाच्या मातीवर चांगली झाडी असेल तर ७०, उताराला न जुमानता सरळ ओळीत पेरलेलं बरं पीक ८५, चरून बोडकं झालेलं रान ८६. डांबर किंवा काँक्रीट असेल तर खाली माती कुठलीही असो, ९८.

आपल्या पाणलोटात २५० हेक्टर पीक, १५० हेक्टर बोडकं रान आणि १०० हेक्टर झाडी असेल, तर क्षेत्रानुसार सरासरी ८२ येते. आता हिशेब. जमीन जास्तीत जास्त किती पाणी धरेल ते काढायला २५,४०० ला ८२ ने भागून २५४ वजा करा: ५५.८ मिलिमीटर. (हे २५४ कुठून आलं असा प्रश्न पडतोच. मूळ सूत्र इंचात आहे, १,००० भागिले कर्व्ह नंबर वजा १०. इंचाचे मिलिमीटर केले की हे आकडे येतात, त्यात दुसरं काही गूढ नाही.) या साठवणीचा एकपंचमांश भाग, म्हणजे ११ मिलिमीटर, पानांवर अडकण्यात, खळगे भरण्यात आणि सुरुवातीच्या मुरण्यात जातो असं धरतात. तेवढा पाऊस होईपर्यंत नाला कोरडाच. त्यापुढे:

अपधाव = (पाऊस − ०.२ × साठवण)² ÷ (पाऊस + ०.८ × साठवण)

वीस मिलिमीटर पडला तर १.२ वाहतो. चाळीस पडला तर ९.८. ऐंशी पडला तर ३८. पाऊस दुप्पट होतो तेव्हा अपधाव आधी आठपट वाढतो, मग जवळजवळ चौपट. सुरुवातीचे अकरा मिलिमीटर प्रत्येक वेळी जमीन आपला वाटा म्हणून उचलते. लहान पावसात त्यातच निम्म्याहून जास्त पाऊस संपतो, मोठ्या पावसाला तो वाटा जाणवतही नाही. ऐंशीच्या पावसाचं आपल्या पाणलोटातलं पाणी १ लाख ९० हजार घनमीटर भरतं.

या सूत्रामागे भौतिकशास्त्राचा नियम शोधू नका. मुळात एक गृहीतक आहे: सुरुवातीचा वाटा बाजूला काढल्यावर जमिनीची साठवण जितकी टक्के भरली, उरलेल्या पावसाच्या तितकेच टक्के वाहून जातात. बाकी सगळी बीजगणिताची मांडणी. लहान लहान पाणलोटांच्या नोंदींवर ते बसवून पाहिलं, बऱ्यापैकी बसलं आणि टिकलं.

सुरुवातीला सांगितलेला सोळा-सतरा पटींचा फरकही इथेच येतो. तक्त्यातला ८२ हा ‘मध्यम ओली’चा आकडा. मूळ पद्धतीत आधीच्या पाच दिवसांचा पाऊस बघतात. पीक उभं असताना तो ३६ मिलिमीटरहून कमी असेल तर जमीन कोरडी धरायची आणि ८२ चा ६६ होतो. ५३ च्या वर असेल तर चिंब, आणि ८२ चा ९२. चाळीसच्या पावसाला हे तीन आकडे लावले की सुमारे सव्वा, दहा आणि बावीस मिळतात. पाच दिवसच का, आठ का नाहीत, याला पटण्यासारखं कारण कुणी देत नाही. पाच दिवसांत ५२ पडला तर मध्यम आणि ५४ पडला तर चिंब, अशी उडी जमीन काही मारत नसते. हे तीन आकडे म्हणजे शक्यतेच्या दोन कडा आणि एक मध्य, असं समजून वापरले तर ते प्रामाणिक राहतात.

जिथे पाय घसरतो

सगळ्यात जास्त चुका सरासरीत होतात. मीही या एका चुकीवर बरेच दिवस काढलेत. निम्मं क्षेत्र काँक्रीट, कर्व्ह नंबर ९८, निम्मं बी गटाच्या मातीवरची चांगली झाडी, ५५. सरासरी ७६.५. चाळीस मिलिमीटर पावसाला यावरून अपधाव ५.८ येतो. आता दोन्ही भाग वेगळे करून पाहा. झाडीला सुरुवातीचाच वाटा ४१ मिलिमीटरच्या पुढे हवा, म्हणजे तिथून शून्य. काँक्रीटवरून ३४.४. दोन्हींची सरासरी १७.२. सरासरी आकड्याने अपधाव एकतृतीयांशावर आणला! काँक्रीटवरचं पाणी झाडीत मुरतं असं आपण नकळत गृहीत धरलं, प्रत्यक्षात ते गटाराने थेट नाल्यात जात असतं. तेव्हा आकडे एकमेकांच्या जवळ असतील तर कर्व्ह नंबरची सरासरी चालते. आपल्या पाणलोटात ऐंशीच्या पावसाला ३८ च्या जागी ३९.५ येतो, एवढाच फरक. आकडे लांब असतील तर आधी प्रत्येक तुकड्याचा अपधाव काढा आणि मग सरासरी घ्या.

दुसरी गोष्ट, या पद्धतीला वेळ कळत नाही. पाऊस दोन तासांत पडला की बारा तासांत, एकूण आकडा एकच असेल तर उत्तर एकच. वर फाय निर्देशांकात पाहिलेलं सगळं इथे गायब.

तिसरी, तो एकपंचमांश. पुढे अनेक पाणलोटांच्या नोंदी तपासल्यावर सुरुवातीचा वाटा त्याहून बराच कमी, ०.०५ च्या आसपास बसतो असं दिसलं. मग काही जण सूत्रात ०.२ खोडून ०.०५ लिहितात आणि तक्त्यातले कर्व्ह नंबर तसेच ठेवतात. हे चूक. तक्ता ०.२ धरून बनलेला आहे, वाटा बदलला तर साठवणही बदलून घ्यावी लागते.

आकडा पाचने चुकला तर काय होतं तेही पाहून ठेवा. चाळीसच्या पावसाला ७७ धरला तर ६.१ आणि ८७ धरला तर १४.९, म्हणजे अडीच पट. दीडशेच्या पावसाला तेच उत्तर ८६ आणि ११२. मोठ्या पुराच्या हिशेबात तक्त्याची चूक पचून जाते. शेततळं भरेल की नाही अशा मध्यम पावसाच्या हिशेबात ती पचत नाही.

मोरी किंवा सांडवा बांधायचा असेल तर एकूण पाण्यापेक्षा एका क्षणाचा लोंढा महत्त्वाचा. पाणलोटाच्या सर्वांत लांबच्या टोकाचं पाणी मुखापाशी पोचायला लागणारा वेळ इथे निर्णायक ठरतो. आपल्या पाणलोटातून ते ३८ मिलिमीटर तासाभराच्या जोरदार पावसातून निघाले असं धरू. पोचायला दीड तास लागत असेल तर त्याच मृदसंधारण सेवेच्या सूत्राने सेकंदाला २८ घनमीटरचा लोंढा येतो. ओढा सरळ केला, काठची झुडपं काढली आणि तो वेळ चाळीस मिनिटांवर आणला, तर पाणी तेवढंच, पण लोंढा ४४ वर जातो. पाचदहा हेक्टरांच्या तुकड्याला एवढा खटाटोप नको. तिथे १८५१ पासून चालत आलेलं साधं सूत्र पुरतं: वाहण्याचा गुणांक (पावसाचा किती हिस्सा वाहतो तो) गुणिले पावसाचे ताशी मिलिमीटर गुणिले हेक्टर, भागिले ३६०. गुणांक ०.६, पाऊस ताशी ६० आणि क्षेत्र १० हेक्टर असेल तर सेकंदाला बरोबर एक घनमीटर.

नाल्यावर मोजपट्टीसह साधा खाचेचा बंधारा जरी घालता आला, तरी तक्त्याची परीक्षा घेता येते. सूत्र उलटं फिरवायचं: साठवण म्हणजे पाऊस अधिक दुप्पट अपधाव, त्यातून (४ × अपधाव² + ५ × पाऊस × अपधाव) याचं वर्गमूळ वजा, आणि सगळ्याला पाचने गुणायचं. समजा ६२ पडला आणि १४ वाहिला. वर्गमूळ ७१.६, नव्वदातून वजा जाता १८.४, पाचपट ९२, म्हणजे कर्व्ह नंबर ७३. तक्ता ८२ सांगत होता. एका पावसावरून लगेच निकाल द्यायचा नाही. शिवाय लहान पावसांवरून काढलेला आकडा हमखास जास्त येतो, कारण लहान पावसात पाणी वाहिलंच तर ते रान आधीच ओलं असताना. म्हणून पाऊस आणि अपधाव यांच्या जोड्या मोठ्या पावसांच्याच निवडायच्या. अशा सात-आठ जोड्या जमल्या आणि त्या सत्तर-पंचाहत्तरच्या घरात राहिल्या, तर मी तक्त्यातला ८२ खोडून नाल्याने दिलेला आकडा लिहितो.